नखाएवढा कागद आणि सेरोटोनिनचा रिसेप्टर

दिग्रसकर

नमस्कार मंडळी. यवतमाळ जिल्ह्यात तालुक्याच्या गावी माझं औषधांचं दुकान आहे. बी.फार्म. होऊन एकवीस वर्षं झाली. कॉलेजात फार्माकोलॉजी शिकलो, परीक्षेपुरती लिहिली आणि पुढं काउंटरवर बसल्यावर तिची गरज रोज पडते हे विसरूनही गेलो होतो. या पोळ्याला ती आठवावी लागली.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी रात्री साडेनऊला मी शटर ओढायच्या बेतात होतो. समोरच्या दवाखान्यात ओळखीच्या घरचा मुलगा आणला होता, वय वीस, बाहेरगावी इंजिनिअरिंगला. अंग तापलेलं, बुबुळं मोठी झालेली, हात सारखे हलत होते. "भिंत श्वास घेऊन राहिली, चुना आतबाहेर होऊन राहिला," एवढंच म्हणत होता. घरच्यांनी आधी अंगारा लावून पाहिला होता, त्यात दीड तास गेला. दवाखान्यात पहिला प्रश्न आला, "फवारणीवर गेला होता का?" दिवस फवारणीचे, तेव्हा तो प्रश्न बरोबरच. दुसरा प्रश्न धोतऱ्याचा. दोन्हीला घरच्यांनी नाही म्हटलं.

त्याच्यासोबत आलेला मित्र माझ्या दुकानात पाण्याची बाटली घ्यायला आला आणि फ्रिजपाशी उभाच राहिला. पैसे दिले तरी हलेना. मी विचारलं तेव्हा हळूच म्हणाला, "काका, कागद होता. नखाएवढा. एलएसडी म्हणून दिला होता कोणीतरी. लय कडू होता." मी त्याचा हात धरून त्याला रस्ता ओलांडून डॉक्टरांपुढं उभा केला. तेवढ्यात मुलाला एक झटका येऊन गेला. इंजेक्शन दिलं, अंग ओल्या कपड्यानं पुसलं, १०८ बोलावली, जिल्ह्याला हलवलं. चौथ्या दिवशी घरी आला. आता बरा आहे.

पण तेव्हापासून त्याचे वडील रोज संध्याकाळी दुकानात येतात आणि एकच विचारतात, "एवढ्याशा कागदानं? ना वास, ना शीशी, ना पुडी. असं काय होतं त्यात?" त्यांना मी जे थोडं थोडं सांगितलं ते इथं नीट लिहून काढतोय. चुकलं तर दुरुस्त करा.

आधी वजनाचा हिशेब. पॅरासिटामॉलच्या एका गोळीत औषध असतं ५०० मिलिग्रॅम. एलएसडी हे भास घडवणारं रसायन, त्याचा परिणाम मायक्रोग्रॅममध्ये मोजतात, म्हणजे ग्रॅमच्या दहा लाखाव्या भागात. स्वित्झर्लंडच्या बाझेल शहरात सँडोझ कंपनीत अल्बर्ट हॉफमन नावाच्या रसायनशास्त्रज्ञानं हे रेणू १९३८ मध्ये बनवलं. हवं होतं रक्ताभिसरण आणि श्वास यांना चालना देणारं औषध. त्या मालिकेतलं पंचविसावं, म्हणून नाव पडलं एलएसडी-२५. प्राण्यांवर विशेष काही दिसलं नाही, बाजूला ठेवलं. पाच वर्षांनी पुन्हा बनवताना त्यांना स्वतःलाच काहीतरी जाणवलं, म्हणून १९ एप्रिल १९४३ ला त्यांनी मुद्दाम २५० मायक्रोग्रॅम घेतलं. याहून कमी कशानं काही होणारच नाही, असा त्यांचा अंदाज होता. पाव मिलिग्रॅम! तेवढ्यात त्यांना सहकाऱ्याच्या सोबतीनं सायकलवरून घर गाठावं लागलं आणि शेजारीण चेटकीण दिसायला लागली. त्या काळी माहीत असलेलं दुसरं कुठलंच औषध मनावर इतक्या थोड्या वजनात चालत नव्हतं.

आता हे इतकं थोडं कसं पुरतं? कारण ते शरीरात नवीन काही करत नाही. शरीरात आधीच बसवलेल्या बटनावर ते जाऊन बसतं. ते बटन सेरोटोनिनचं, म्हणजे पेशींमध्ये निरोप नेणाऱ्या एका रसायनाचं.

---

बांधावरचा

भाऊ, सेरोटोनिन म्हणजे ते आनंदाचं हार्मोन म्हणतात तेच नं? मोबाईलवर रोज येऊन राहिलं.

---

दिग्रसकर

तेच. पण "आनंदाचं हार्मोन" हे नाव मला पटत नाही. त्यानं समजायचं सोडून गैरसमजच होतो.

सेरोटोनिन पहिल्यांदा सापडलं ते मेंदूत नाहीच. इटलीत एर्स्पामर यांना ते आतड्याच्या अस्तरात मिळालं, त्यांनी त्याला एन्टेरामाइन म्हटलं. अमेरिकेत क्लीव्हलंडला रॅपोर्ट, ग्रीन आणि पेज यांनी १९४८ मध्ये रक्ताच्या सीरममधून ते वेगळं काढलं. रक्तवाहिन्या आवळतं म्हणून "सीरम" आणि "टोन" मिळून सेरोटोनिन. मेंदूत ते असल्याचं बेटी ट्वारोग यांनी १९५३ मध्ये दाखवलं. आजही शरीरातलं नव्वद टक्क्यांहून जास्त सेरोटोनिन पोटात असतं.

आणि त्याची बटनं, म्हणजे रिसेप्टर, एक नाहीत. सात कुळं आहेत, त्यांत मिळून चौदाएक प्रकार. माझ्या दुकानाच्या मांडणीवरच दाखवतो. उलटीसाठी ऑन्डान्सेट्रॉन देतो ते ५-एचटी३ अडवतं (५-एचटी हे सेरोटोनिनचंच छोटं नाव). अर्धशिशीचं सुमाट्रिप्टान ५-एचटी१बी आणि १डी दाबतं. उदासीसाठी एस्सिटालोप्राम लिहून येतं ते रिसेप्टरला हातच लावत नाही, सोडलेलं सेरोटोनिन परत ओढून घेणारा पंप बंद करतं. भास-भ्रमाच्या आजारावरची रिस्पेरिडोन आणि ओलान्झापिन ५-एचटी२ए अडवतात.

हे शेवटचं नाव लक्षात ठेवा, ५-एचटी२ए. एलएसडीचं मुख्य काम इथंच होतं. हे नुसतं अनुमान नाही. झुरिचला फोलेनवायडर यांच्या गटानं १९९८ मध्ये लोकांना आधी केटान्सेरिन दिलं, जे हा रिसेप्टर अडवतं, आणि मग सायलोसायबिन दिलं, म्हणजे काही अळिंबीत सापडणारं भास घडवणारं रसायन. भास झालेच नाहीत. पुढं २०१७ मध्ये तिथंच एलएसडीवर तेच दिसलं. दार आधीच कुणी अडवून उभा असेल तर पाहुणा आत येत नाही, इतकं सरळ.

आता त्या मुलाच्या वडिलांना मी ज्या गोष्टीनं चकित केलं ती सांगतो. "लेकराले भूक लागत नाही, सिरप द्या" म्हणून महिन्याला कितीतरी बाटल्या जातात माझ्याकडून. त्यात बहुतेक सायप्रोहेप्टाडिन असतं. मूळचं ॲलर्जीचं औषध, पण ते ५-एचटी२ए सुद्धा अडवतं. म्हणजे ज्या बटनावर तो कागद बसला, तेच बटन झाकणारी बाटली खालच्या फळीवर, ग्राइपवॉटरच्या शेजारी उभी आहे.

---

लेकराची आई

दादा, म्हणजे असं झालं तर ते सिरप पाजलं तर उतरते का? माझा मोठा नागपूरला आहे शिकायला. रात्री हा धागा वाचून झोप नाही आली.

---

रात्रपाळी

ताई, नाही. कृपा करून घरी काहीही पाजू नका. मी वर्धा जिल्ह्यात ग्रामीण रुग्णालयात मेडिकल ऑफिसर आहे, रात्रीच्या ड्युट्या बहुतेक माझ्याच.

सायप्रोहेप्टाडिन आम्ही वापरतो, पण सेरोटोनिन सिंड्रोममध्ये, म्हणजे औषधांमुळं सेरोटोनिनचा जोर फार वाढतो तेव्हा, भरती करून, बाकी उपचारांच्या जोडीला. घरी ते देण्यात खरा धोका वेगळा आहे. त्या मुलानं कागद नाही, धोतऱ्याच्या बिया खाल्ल्या असतील तर? धोतरा ॲसिटिलकोलिन या निरोप नेणाऱ्या दुसऱ्या रसायनाचे रिसेप्टर अडवतो. सायप्रोहेप्टाडिनही थोडं तेच करतं. म्हणजे आगीत तेल. शिवाय झोपाळलेल्या, झटके येणाऱ्या माणसाच्या तोंडात काही ओतलं की ते फुफ्फुसात जातं.

आमच्याकडे रात्री असा पेशंट आला की मी काय बघतो ते सांगतो, कारण विदर्भात या तीन गोष्टींची गल्लत होते.

फवारणीचं ऑरगॅनोफॉस्फेट कीटकनाशक असेल तर बुबुळ टाचणीच्या टोकाएवढं बारीक, तोंडाला फेस, घाम, छातीत घरघर, अंगाला औषधाचा वास. २०१७ साली यवतमाळात फवारणीच्या विषबाधेनं माणसं गेली, तेव्हापासून ऑगस्ट ते ऑक्टोबर आमचं पहिलं लक्ष तिकडंच जातं.

धोतरा असेल तर बुबुळ मोठं, पण अंग कोरडं ठणठणीत. जीभ टाळूला चिकटलेली, लघवी अडकलेली, काखेत हात घातला तर घामाचा थेंब नाही. आणि माणूस आपल्यात नसतो. हवेतून दोरे ओढतो, नसलेल्या माणसाशी बोलतो, स्वतःचं नाव सांगत नाही. तो बेभान असतो.

एलएसडीसारखं असेल तर बुबुळ मोठं, पण काख ओली. आणि बहुतेक वेळा माणूस आपलं नाव, गाव सांगतो. भिंत हलतेय म्हणतो, पण ती भिंत आहे हे त्याला कळत असतं. शांत खोली, कमी उजेड, ओळखीचा एक माणूस हात धरून बसला की अर्धं काम होतं. लागलं तर शांत करणारं लोराझेपाम किंवा डायझेपाम.

दिग्रसकर भाऊंनी सांगितलेला मुलगा मात्र यात पूर्ण बसत नाही. ताप, झटका, आणि "कडू". माझ्या मते तो कागद एलएसडीचा नसावा.

---

दिग्रसकर

डॉक्टरसाहेब, माझ्याही मनात तेच आहे. एलएसडीला त्या वजनात चव जवळपास नसते. कडू म्हटल्यावर मला एनबोम आठवलं. इथं रसायनवाले कुणी असतील तर त्यांनी लिहावं. मला त्याचं औषधशास्त्र वरवरचंच माहीत आहे.

---

बेन्झीन

मी एम.एस्सी. ऑरगॅनिक, अमरावतीला शिकलो, सध्या घरी अचलपूर तालुक्यात शेती आणि शिकवण्या. लिहितो.

एलएसडी आणि एनबोम ही दोन वेगळ्या घराण्यांतली रेणू आहेत. एलएसडी एर्गोलिन, चार कड्यांचा बांधीव सांगाडा. त्या सांगाड्यात सेरोटोनिनचा ट्रिप्टामिन आकार तसाच दडलेला आहे, म्हणून ते सेरोटोनिनच्या जागी बसतं. जागा इतकी नेमकी लागते की एलएसडीच्या चार आरसा-भावंडांपैकी एकच खऱ्या अर्थानं काम करतं.

एनबोम म्हणजे फेनेथिलामिन. अमेरिकेतले रसायनशास्त्रज्ञ शुल्गिन यांनी बनवलेल्या २सी या भास घडवणाऱ्या रेणूंच्या मालिकेच्या नायट्रोजनवर २-मेथॉक्सीबेन्झिल नावाचा एक गट जोडला की एनबोम होतं. हे काम बर्लिनच्या फ्री युनिव्हर्सिटीत राल्फ हाइम यांच्या प्रबंधात झालं, २००३ च्या सुमारास. हेतू शुद्ध होता, ५-एचटी२ए ओळखणारं बारीक अवजार हवं होतं. आणि ते आजही तसं वापरतात. कोपनहेगनला २५बी-एनबोमला किरणोत्सारी कार्बन-११ लावून, अगदी नगण्य प्रमाणात देऊन, मेंदूत हे रिसेप्टर कुठं कुठं आहेत याचे पेट स्कॅन काढतात.

तेच रेणू २०१० नंतर कागदावर उतरलं आणि एलएसडी म्हणून विकलं गेलं. अमेरिकेत, युरोपात मृत्यू झाले. २०१५ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी २५आय, २५बी, २५सी ही एनबोमची तिन्ही रूपं सर्वांत कडक यादीत टाकली.

फरक कुठं पडतो ते सांगतो. आपल्या मोटरच्या स्टार्टरचं उदाहरण घ्या. रिसेप्टर म्हणजे स्टार्टर. सेरोटोनिन बटन दाबतं तेव्हा पेशीच्या आत जीक्यू नावाचं प्रथिन चालू होतं, त्यातून फॉस्फोलायपेज सी, त्यातून साठवलेलं कॅल्शियम सुटतं आणि पेशी उत्तेजित होते. मेंदूच्या पुढच्या भागात, बाह्यकाच्या (कॉर्टेक्सच्या) पाचव्या थरातल्या मोठ्या पेशींवर हे रिसेप्टर दाट आहेत. त्या पेशी ग्लुटामेट हे चेतवणारं रसायन सोडायला लागल्या की आतलं आणि बाहेरचं, पाहिलेलं आणि आठवलेलं यांची सरमिसळ होते.

एलएसडी हे बटन अर्धवट दाबतं. औषधशास्त्रात त्याला पार्शल ॲगोनिस्ट म्हणतात, म्हणजे कितीही दिलं तरी मोटर एका मर्यादेपलीकडे फिरत नाही. २५आय-एनबोम ते बटन जवळजवळ पूर्ण दाबतं, आणि त्या जागेशी त्याची ओढही विलक्षण आहे. शिवाय हेच रिसेप्टर रक्तवाहिन्यांच्या भिंतीतही आहेत. तिथं आवळलं की रक्तदाब चढतो, हातपाय थंड पडतात, आतून अंग तापत जातं. स्नायू इतके ताणतात की त्यांचा चुरा रक्तात उतरून किडनी बंद पडू शकते. झटके तर आहेतच.

कागद दोन्हींचा सारखा दिसतो. आत काय आहे हे कागद सांगत नाही.

---

बांधावरचा

मी मधात एक विचारतो, राग नका मानू. माझे आजे सांगत होते की ज्वारीच्या कणसाले चिकटा आला की ते कणूस बैलाले नाही टाकायचं. आता कॉलेजातला पोट्टा सांगून राहिला की एलएसडी त्याच बुरशीतून निघते. खरं काय? यावर्षी फुलोऱ्यात झड लागली होती, दोन तासांत, म्हणजे दोन ओळींत, मधासारखा रस गळून राहिला कणसातून. हुरड्याचा विचार होता.

---

बेन्झीन

दादा, तुमच्या आज्यांचं खरं आहे. पोट्ट्याचं अर्धं खरं.

बुरशीचं कूळ एकच, क्लॅव्हिसेप्स, आपण अरगट म्हणतो. पण जात वेगळी. युरोपात राय नावाच्या धान्यावर येते ती क्लॅव्हिसेप्स पर्पुरिया. तिच्यातल्या अल्कलॉइडांच्या मुळाशी लायसर्जिक ॲसिड आहे आणि हॉफमन यांनी त्याच्यापासून प्रयोगशाळेत एलएसडी बनवलं. बुरशीत तयार एलएसडी कधीच नसतं. मध्ययुगात त्या रायची भाकर खाऊन गावंच्या गावं आजारी पडत, बोटं काळी पडून झडत, कारण ती अल्कलॉइडं रक्तवाहिन्या आवळतात.

आपल्या ज्वारीवर येते ती क्लॅव्हिसेप्स आफ्रिकाना आणि सोर्घी. तिच्यातली अल्कलॉइडं वेगळी, डायहायड्रोएर्गोसिन मुख्य. बाजरीवरची फ्युसिफॉर्मिस, तिच्यात क्लॅव्हिन गटातली, ॲग्रोक्लॅव्हिनसारखी. अरगटाची बाजरी खाऊन राजस्थानात १९७५ मध्ये लोकांना विषबाधा झाली होती. उलट्या, गरगर, झोप. भास नव्हे.

हुरडा त्या तासांचा करू नका. जनावरालाही नको, विशेषतः दुभत्याला, दूध आटतं. बाजरीचं बियाणं वीस टक्के मिठाच्या पाण्यात टाकतात ना, दहा लिटरला दोन किलो मीठ, त्यात अरगटाच्या हलक्या गाठी वर तरंगतात. त्या गोळा करून जाळायच्या, खालचं बी साध्या पाण्यानं दोनतीनदा धुऊन सावलीत वाळवायचं. ही रीत खरी औषधशास्त्राचीच आहे.

---

बांधावरचा

हाव, मिठाचं पाणी माय करत होती. कायले करते ते आज समजलं. त्या दोन तासांतली कणसं कापून जाळतो.

---

रात्रपाळी

याच धाग्यात एक भर. त्याच बुरशीचं एक औषध तुमच्यातल्या कितीतरी जणांच्या आईच्या, बायकोच्या अंगात गेलं आहे. बाळंतपणानंतर रक्त थांबेना तर मिथाइलएर्गोमेट्रिनचं इंजेक्शन देतात. ते एलएसडीचं अगदी सख्खं चुलत भावंड, तोच लायसर्जिक सांगाडा, शेपटी थोडी वेगळी. एवढ्या फरकानं ते भासाऐवजी गर्भाशय आवळतं. आता पहिली पसंती ऑक्सिटोसिनला असते, पण फ्रिजमध्ये तेही असतं. २ ते ८ अंशात, उजेडापासून लपवून ठेवावं लागतं. बाळंतिणीचा रक्तदाब जास्त असेल तर देत नाहीत, कारण रक्तवाहिन्या आवळायची खोड घराण्याचीच.

माझ्या पहिल्या पोस्टिंगला एका रात्री वीज गेली तेव्हा आमच्या सिस्टरनी त्या अँप्युल बर्फाच्या डब्यात, काळ्या कापडात गुंडाळून सकाळपर्यंत सांभाळल्या होत्या. पहाटे चारला एक लागली. मी तेव्हा नुकताच लागलो होतो. हातातल्या त्या इवल्याशा काचेकडे बघताना रेणूच्या शेपटीचा विचार मनात आला होता, तो आजतागायत आहे.

---

गुरुजी_दारव्हा

वाचतोय. एक शंका. एलएसडीचा परिणाम रात्रभर राहतो असं ऐकतो. रक्तातून औषध तितक्या वेळात जात नाही का? दुसरं, हे रोज घेणारे असतात असं ऐकतो, मग दारूसारखं व्यसन लागतं का? वर्गात दहावीची मुलं विचारतात, मला नीट उत्तर देता येत नाही.

---

बेन्झीन

गुरुजी, तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर मिळायला विज्ञानाला पंच्याहत्तर वर्षं लागली.

रक्तातलं एलएसडी साधारण तीन तासांत निम्मं होतं. परिणाम आठ ते बारा तास. हिशेब जुळत नव्हता. २०१७ मध्ये नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठात ब्रायन रॉथ यांच्या गटानं एलएसडी रिसेप्टरमध्ये बसलेलं असतानाचा स्फटिक मिळवला आणि क्ष-किरणांनी त्याचं चित्र काढलं. रिसेप्टर होता २बी, २एचा सख्खा भाऊ. दिसलं असं की एलएसडी खाचेत उतरलं की रिसेप्टरच्या बाहेरच्या बाजूचा एक पट्टा त्याच्यावर झाकणासारखा येतो. जुन्या घरातलं पेव आठवा. धान्य आत गेलं, वर फरशी पडली, आता ते सहज वर येत नाही. २एवर ते तीन तासांहून जास्त एका जागी अडकून राहतं असं त्यांनी मोजलं. त्या पट्ट्यातला ल्युसिन नावाचा एकच अमिनो आम्ल बदलून झाकण ढिलं केलं, तर एलएसडी लवकर सुटायला लागलं.

आणि त्यात मला सगळ्यांत मोलाची वाटणारी गोष्ट ही. झाकण ढिलं केल्यावर जीक्यूचं काम फारसं बदललं नाही, पण बीटा-अरेस्टिन नावाच्या दुसऱ्या प्रथिनाचं काम मात्र बरंच उतरलं. म्हणजे एका स्टार्टरवर दोन मोटरी आहेत, आणि रेणू किती वेळ बसून राहतं यावर कोणती किती चालणार ते ठरतं. लिसुराइड नावाचं एलएसडीचंच एक नातलग आहे, पार्किन्सनसाठी वापरलेलं. तेही २एवर बसतं, पण माणसाला भास होत नाहीत. एक मत असं की ते बटन दाबतं, पण इतकं हलकं की मोटर वेग घेत नाही. नेमकं कारण काय, यावर अजून वाद चालू आहे आणि नव्या औषधांची सगळी आशा त्याच वादात आहे.

---

रात्रपाळी

दुसरा प्रश्न मी घेतो. दारूसारखं अंगाला लागत नाही. रोज घेतलं तर तीनचार दिवसांत परिणामच होईनासा होतो, कारण पेशी ते रिसेप्टर आत ओढून घेतात. आणि एलएसडीची सवय झालेल्यावर सायलोसायबिनही चालत नाही, बटन एकच असल्याचा हा आणखी एक पुरावा.

पण मुलांना "व्यसन लागत नाही" एवढंच सांगून थांबू नका. ज्याच्या घरात सिझोफ्रेनिया किंवा बायपोलर आहे त्याच्यात एका वेळेनंही आजार उफाळू शकतो. लिथियम चालू असलेल्यांना झटके आल्याच्या नोंदी आहेत. ट्रॅमाडॉलसारखी दुखण्याची गोळी स्वतःच झटक्याची आणि सेरोटोनिनची भर घालते. आणि काहींना महिनोन्महिने नजरेत सावल्या, रेघा दिसत राहतात.

उलट बाजूही खरी आहे, ती लपवून मुलांचा विश्वास बसणार नाही. औषध म्हणून यांचा अभ्यास जोरात चालू आहे. प्रयोगशाळेत बनवलेलं सायलोसायबिन हट्टी नैराश्यात दिलं, २३३ रुग्णांचा तो अभ्यास २०२२ मध्ये छापून आला, २५ मिलिग्रॅमच्या गटात तीन आठवड्यांना फरक दिसला. ऑस्ट्रेलियात जुलै २०२३ पासून ठरावीक मानसोपचारतज्ज्ञांना ते लिहून देता येतं. चिंतेच्या आजारासाठी एलएसडीच्याच एका क्षाराला अमेरिकेच्या एफडीएनं, म्हणजे तिथल्या औषध नियामकानं, २०२४ मध्ये ब्रेकथ्रू दर्जा दिला. पण तिथं रेणू मोजलेलं असतं, रुग्ण निवडलेला असतो, सोबत दिवसभर माणूस बसलेला असतो. कुणाच्या पाकिटातून निघालेल्या कागदाचा त्याच्याशी संबंध नाही.

---

दिग्रसकर

गुरुजी, कायद्याचंही मुलांना सांगा, कारण इथं वजनाचा तोच हिशेब उलटा बसतो. अमली पदार्थांचा एनडीपीएस कायदा, १९८५. एलएसडीची "अल्प मात्रा" २ मिलिग्रॅम. "व्यापारी मात्रा" ०.१ ग्रॅम, म्हणजे चिमूटभर मिठाहूनही कमी. व्यापारी मात्रेला दहा ते वीस वर्षं सक्तमजुरी आणि किमान एक लाख दंड. मित्राला "ठेव जरा तुझ्याजवळ" म्हणून दिलेल्या पाकिटात हे असू शकतं.

---

लेकराची आई

दादा, डॉक्टरसाहेब, मी काल लेकाला फोन केला. रागावले नाही. धागा वाचून दाखवला त्याला, तो कडूवाला भाग. तो गप्प होता खूप वेळ. मग म्हणाला, हॉस्टेलवर एकाला असं झालं होतं, सगळ्यांनी मिळून खोलीत कोंडून ठेवला रात्रभर, वॉर्डन ओरडतील म्हणून. त्याला काही झालं नाही म्हणे नशिबानं. असं झालं तर त्यांनी करायचं काय, तेवढं साध्या भाषेत सांगा, मी त्याला पाठवते.

---

रात्रपाळी

ताई, फार चांगलं केलंत. त्याला हे पाठवा.

अंग हाताला चटका लागेल इतकं तापलं, झटका आला, हातपाय लाकडासारखे ताठ झाले किंवा पाय आपोआप थरथर उडायला लागला, शुद्ध हरपली, छातीत दुखलं, यातलं एकही असेल तर १०८. वाट बघायची नाही. बेशुद्ध असेल तर कुशीवर वळवायचा, तोंडात काही घालायचं नाही. दोरीनं बांधायचं तर मुळीच नाही, झटापटीत ताप आणखी चढतो आणि स्नायू फाटतात.

यातलं काही नसेल तरी त्याला एकटा सोडायचा नाही. गच्ची, विहीर, रस्ता यांपासून लांब. आणि दवाखान्यात खरं सांगायचं: काय घेतलं, किती वाजता, चव कशी होती, आधीपासून कोणत्या गोळ्या चालू आहेत. कागदाचा तुकडा उरला असेल तर तोही आणायचा. आमच्या तालुक्याला हे रेणू ओळखणारी तपासणी नाही, आम्ही लक्षणांवर आणि तुमच्या शब्दावरच चालतो. मित्रानं तो एक शब्द "कडू" सांगितला नसता तर त्या डॉक्टरांनी कदाचित फवारणीच्या विषावरचं ॲट्रोपिन देऊन पाहिलं असतं.

मन घाबरलं असेल, बोलायचं असेल तर टेली-मानस, १४४१६. मराठीत बोलतात.

---

दिग्रसकर

काल दुपारी तो मुलगा स्वतः दुकानात आला. वडील नव्हते सोबत. ओआरएसची पाकिटं घेतली आणि मग तिथंच उभा राहिला, त्या रात्री त्याचा मित्र उभा होता त्याच जागी. विचारलं, "काका, ते अजून आत असंल का?" मी सांगितलं, रेणू तर केव्हाच गेलं, दोन दिवसांत. मग त्यानं सांगितलं की रात्री दिवा मालवला की भिंतीच्या कडांना अजून रेघ दिसते, पांढरी, हलणारी. घरी सांगितलं नाही, पुन्हा अंगारा लावतील म्हणून.

मी काउंटरची फळी उचलून त्याला आत बोलावलं, स्टुलावर बसवलं, आणि डॉक्टरसाहेब, तुमची वरची ओळ वाचून दाखवली, महिनोन्महिने सावल्या दिसत राहतात ती. तो म्हणाला, "म्हणजे हे लिहिलेलं आहे?" हो म्हटलं, दुसऱ्यांनाही झालं आहे, नाव आहे त्याला, तपासणारे डॉक्टर आहेत. त्याचा खांदा खाली आला ते मला दिसलं.

मंगळवारी जिल्ह्याला मानसोपचाराची ओपीडी असते. सकाळी सहाच्या गाडीनं मी त्याला घेऊन चाललोय. दुकान बायको बघेल. त्याच्या वडिलांना आज संध्याकाळी सांगतो.